‘नाही’ची वही, वजा ३४० जॉइनर आणि माझे ८४,९६० रुपये

पुरवठा साखळीचा धंद्यावरचा परिणाम मोजून देणारी एक सेवा मी वर्षभर घेतली. तिचा निकाल आधी सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत फिरतील. पाचपैकी साडेतीन. मोजायला येणाऱ्या ताईंना पाचपैकी पाच, त्यांच्या सरांना पाचपैकी दोन, आणि दोघांची सरासरी काढली की साडेतीन.

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात माझं ठिबक, पीव्हीसी पाइप आणि फिटिंगचं दुकान आहे, २६ वर्षं झाली. गिऱ्हाईक बहुतेक केळीवालं. थोडं कापूसवालं, थोडं पपईवालं. वर्षाला पावणेदोन-दोन कोटींचा धंदा. आकडा ऐकून पाहुणे डोळे मोठे करतात, पण पाइपाच्या धंद्यात हातात काय राहतं ते पाइपवाल्यालाच ठाऊक. सेवा देणारी मंडळी जळगावची. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. ज्याला हवं त्याने दुकानावर यावं, चहा घेत सांगेन.

त्यांचा नंबर माझ्या मुलाने पुण्याहून पाठवला होता. ‘पुरवठा साखळीचा तुमच्या धंद्यावर होणारा परिणाम मोजून देतो’ असं त्यांच्या कागदावर लिहिलेलं. मी म्हटलं, कसली साखळी? जळगावहून टेम्पो येतो, मी माल उतरवतो, विकतो. उधारी लिहितो, ती वसूल करताना चपला झिजवतो. यात मोजायचं काय? पण तेव्हा बँकेची कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यासाठी उचलायच्या कर्जाची, लिमिट सारखी काठोकाठ भरलेली असायची. विक्री होते, मग पैसा कुठे जातो, हे मलाही कळत नव्हतं. महिना ६,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, असे वर्षाचे ८४,९६०. जीएसटीचे १२,९६० क्रेडिटमध्ये परत मिळतात, म्हणजे खरे खिशातून गेले ७२,०००. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ असा करार केला.

पहिल्या दिवशी सर आणि ताई दोघं आले. सरांनी लॅपटॉप उघडून सांगितलं की ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा शब्द १९८२ मध्ये कीथ ऑलिव्हर नावाच्या सल्लागाराने वापरात आणला, १९९६ मध्ये त्याची मापं ठरवणारी ‘स्कोर’ नावाची चौकट आली, आणि तिच्यात भरवसा, वेग, लवचीकपणा, खर्च आणि अडकलेली मालमत्ता अशी खाती असतात. मी मान हलवत होतो. ताई मात्र माळ्याकडे बघत होत्या. सरांचं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, “काका, वरती काय आहे?” वरती काय आहे हे मलाही नीट माहीत नव्हतं.

मोजणी चार दिवस चालली. माझा कॉम्प्युटर म्हणत होता की १६ एमएमचे जॉइनर, म्हणजे ठिबकची नळी नळीला जोडायचे छोटे तुकडे, वजा ३४० आहेत. वजा! म्हणजे नसलेले जॉइनर आम्ही विकले होते. झालं असं होतं की जॉइनरची पिशवी आली की दुकानातलं पोरगं बिलात ‘फिटिंग किरकोळ’ म्हणून एकच ओळ चढवायचं आणि विकताना मात्र नगावर टाकायचं. प्रत्यक्षात चार पिशव्या पडल्या होत्या. एवढे नग मोजणार कोण? ताईंनी काउंटरवरच्या काट्यावर १०० जॉइनर मोजून ठेवले, त्यांचं वजन घेतलं, मग अख्खी पिशवी काट्यावर चढवून भागाकार केला. दहा मिनिटांत चारही पिशव्यांचा हिशेब. ग्रोमेट, एंड कॅप, टेकऑफ, सगळी बारीक फिटिंग तशीच. २६ वर्षं तो काटा माझ्यासमोर होता आणि मी त्याच्यावर फक्त भंगार तोलत आलो.

माळ्यावर निघाला ४ लाख २० हजारांचा माल, वर्षभरात एकदाही न हललेला. स्प्रिंकलरचे जुने कपलर, ज्यांचा आता जोडच मिळत नाही. १२ एमएमची नळी, जी आमच्याकडे केळीला कोणी लावत नाही. दोन इंची गेट व्हॉल्व्ह, एक पेटी, वरून उंदरांनी घर केलेली. त्यातला २ लाख ६० हजारांचा माल आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी प्लंबर आणि मिस्त्री लोकांना १ लाख १५ हजारांत काढला. दीड लाखाच्या जवळ तोटा. तो माझाच, मोजणाऱ्याचा नव्हे. बायको म्हणाली, एवढ्यात सोन्याची पोत झाली असती. झाली असती, खरं आहे.

पण या सेवेची खरी किंमत मला जिथे वसूल झाल्यासारखी वाटते, ती वस्तू शंभर पानांची, २५ रुपयांची वही आहे. ताईंनी ती काउंटरवर दोरीने बांधली आणि दुकानातल्या पोराला सांगितलं: गिऱ्हाइकाला ज्या ज्या वेळी ‘नाही’ म्हणशील, त्या त्या वेळी इथे लिहायचं. वस्तू, माप, वेळ. बस. सॉफ्टवेअरमध्ये विकलेलं दिसतं, न विकलेलं दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. पोरगं पहिले दोन दिवस लाजलं, नंतर त्याला चटक लागली. गिऱ्हाईक दारात येऊन विचारतं, “आबा, सोळाना जॉइनर शे का? धा दे.” आपण म्हणतो, “नही शे भो, परवा येई.” आणि लगेच वहीत रेघ.

मे महिन्यात, म्हणजे मृगबागेच्या (पावसाळ्याच्या तोंडावर लावायच्या केळीच्या) तयारीच्या ऐन गर्दीत, त्या वहीत २१२ ‘नाही’ जमले. माझा अंदाज होता की पाइप किंवा नळी कमी पडत असेल, कारण पैसा त्यात अडकलेला असतो आणि डोकंही त्यातच अडकलेलं असतं. वाचून बघितलं तर २१२ पैकी १३१ वस्तू तीस रुपयांच्या आतल्या. जॉइनर, ग्रोमेट, एंड कॅप, टेफ्लॉन टेप, सोल्युशनची लहान डबी. सर म्हणाले होते की मालाचे अ-ब-क असे तीन गट पाडा, अ गटात किंमतीचा माल, त्याच्यावर डोळा ठेवा, क गटाची फार काळजी करू नका. पुस्तकात तसंच असेल. पण शेतकरी मोटरसायकलवर १५ किलोमीटर येतो तो जॉइनरसाठी, आणि जॉइनर नाही म्हटलं की पलीकडच्या दुकानात जातो. तिथे जॉइनर मिळाला की डिस्क फिल्टरही तिथूनच घेतो, ठिबकमधून खत सोडायची व्हेंचुरीही तिथूनच. मी स्वतः समोर उभं राहून हे बघितलंय. ओळखीचा माणूस, माझ्याकडे मान वळवून न बघता फिल्टर घेऊन गेला. त्याचंही बरोबर, दोन दुकानं कोण फिरेल उन्हात.

त्यानंतर तीस रुपयांच्या आतला माल आम्ही हिशेबातच धरणं सोडलं. दोन पिशव्या कायम शिल्लक, एक फोडली की एक मागवायची. भांडवल म्हणाल तर सगळं मिळून वीस-बावीस हजार. यंदाच्या मेमध्ये वहीत ६८ ‘नाही’ निघाले. शून्य होणार नाहीत, व्हायलाही नकोत. ५ फुटी ओळीला एकरी साधारण २,६५० मीटर नळी लागते. चार एकरवाला आला की ५०० मीटरची २१-२२ बंडलं एकदम जातात, आणि असे तीन शेतकरी एका दिवशी आले तर कोणाला तरी ‘नाही’ म्हणावंच लागतं. ते ‘नाही’ व्हायचं नाही म्हणून गोदाम भरून ठेवायचं, तर परत आपण जिथून निघालो तिथेच.

आता थोडं साखळीबद्दल, कारण कागदावर तोच शब्द आहे.

डिस्ट्रिब्युटर म्हणतो, ऑर्डर दिली की तीन दिवसांत माल. ताईंनी माझ्या मागच्या ४६ ऑर्डरी काढून तारखांपुढे तारखा लिहिल्या. सरासरी ५ दिवस. पण सरासरीने काही कळत नाही, हे त्यांनी मला इतक्या सोप्या रीतीने दाखवलं की मी ते आता दुसऱ्यांना सांगत फिरतो. सर्वांत लवकर आलेला माल २ दिवसांत, सर्वांत उशिरा आलेला १४ दिवसांत. गोदामात माल जास्त ठेवावा लागतो तो या ५ मुळे नाही, १४ च्या भीतीमुळे. डिस्ट्रिब्युटर दर वेळी न चुकता सातव्या दिवशी माल देऊ लागला, तर सरासरीने तो आजच्यापेक्षा मंद ठरेल, पण मला कमी माल ठेवून चालेल. हे मी त्याला सांगितलं. तो हसला. त्याचाही दोष किती? मेमध्ये अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर, सगळ्या गावांचे दुकानदार एकाच आठवड्यात तीच नळी मागतात.

याच्यावर सरांनी एक चांगली गोष्ट सांगितली, त्यांच्या दोन गुणांपैकी एक गुण तिचा. लहान पोरांचे लंगोट विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लक्षात आलं की घराघरांत लंगोट जवळपास सारखेच लागतात, पण दुकानदाराच्या ऑर्डरी वरखाली होतात, घाऊक व्यापाऱ्याच्या त्याहून जास्त, आणि कारखान्याकडून कच्चा माल मागवला जातो तो तर उड्या मारत. स्टॅनफर्डच्या हाऊ ली आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९७ मध्ये याची कारणं मांडली. इंग्रजीत याला चाबकाचं नाव आहे. आम्ही बैल हाकलेले लोक, आम्हाला आसूड शिकवायला नको. मूठ चार बोटं हलते आणि टोक कडाडतं. मला फक्त एवढं माहीत नव्हतं की त्या आसुडाची एक मूठ माझ्याच हातात आहे.

ती मूठ म्हणजे मार्च एंडिंग. दर मार्चला कंपनीची स्कीम येते: अमुक लाखांचा माल उचला, ३ टक्के वरचा डिस्काउंट घ्या, एखाद्या वर्षी बायकोसकट सहल. मी दर वर्षी उचलायचो. ताईंनी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला हिशेब मांडला. बँकेचं व्याज साडेदहा टक्के, म्हणजे महिन्याला पाऊण टक्क्याहून थोडं जास्त, ०.८७५. ३ ला ०.८७५ ने भागलं की ३.४. म्हणजे मार्चमध्ये उचललेला पाइप सव्वातीन-साडेतीन महिन्यांत विकला गेला नाही, तर स्कीम व्याजात गेली, वरून जागा अडली ती वेगळी. माझा ९० एमएमचा पाइप सरासरी पाच महिने पडून होता. पाच महिने! म्हणजे सहलीचे पैसे मीच भरत होतो आणि वर कंपनीचे आभार मानत होतो. त्यातून पीव्हीसीचं रेझिन निम्म्याहून जास्त परदेशातून येणारं, त्याचा भाव पडला की गोदामातल्या पाइपाचाही भाव पडतो. यंदा ६३ आणि ७५ चा पाइप स्कीममध्ये घेतला, कारण तो जूनच्या आत निघतो. ९० चा घेतला नाही. कंपनीचा प्रतिनिधी आठ दिवस फुगून होता.

आता येतो सरांच्या अहवालाकडे, म्हणजे तक्रारीकडे.

एप्रिलमध्ये रंगीत कागदांची फाइल आली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात: विक्री १ कोटी ८६ लाखांवरून २ कोटी ५ लाख, वाढ १० टक्के, ‘आमच्या सेवेचा परिणाम’. मी म्हटलं, थांबा. माझा धाकटा भाऊ शिरपूरला हाच धंदा करतो. तोच डिस्ट्रिब्युटर, तसंच केळीचं गिऱ्हाईक. त्याने तुमची सेवा घेतलेली नाही, त्याला तुमचं नावही माहीत नाही. त्याची विक्री ९ टक्क्यांनी वाढली. मग माझी १० टक्के तुमची कशी?

कारण उघड आहे. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, पावसाने मोठा खंड दिला होता. त्या सालचा ऑगस्ट तर देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. ज्याने ठिबक बदलायचं ठरवलं होतं त्याने हात आखडता घेतला. २०२४ ला पाऊस बरा झाला, विहिरी भरल्या, राहिलेली कामं निघाली. कोरड्या वर्षाशी ओल्या वर्षाची तुलना केली तर पानपट्टीवाल्याचीही वाढ दिसेल. सर म्हणाले, १ टक्का तरी आमचा आहे. तोही मी नाकारत नाही, पण १ टक्का इकडे-तिकडे एका मोठ्या गिऱ्हाइकात होतो.

उलट जे खरोखर त्यांचं होतं, ते सरांनी सातव्या पानावर बारीक अक्षरात टाकलं होतं. मालाचे दिवस. म्हणजे आज नवा माल घेणं बंद केलं तर आहे तो किती दिवस पुरेल. वर्षभराच्या विक्रीत मालाची खरेदी किंमत किती ती घ्यायची, सरासरी साठ्याला तिने भागायचं, ३६५ ने गुणायचं. इथे एक खोच आहे, दुकानदारांनी लक्षात ठेवावी. सीए साठा धरतो ३१ मार्चचा. ३१ मार्चला आमचं गोदाम स्कीमच्या मालाने गच्च भरलेलं असतं, तो साठा वर्षाचा साठा नव्हे. ताईंनी बाराही महिन्यांच्या अखेरीचे साठे काढून सरासरी घेतली. २०२३-२४ ला साठा ५२ लाख, विकलेल्या मालाची खरेदी १ कोटी ६० लाख, म्हणजे ११९ दिवस. २०२४-२५ ला साठा ३९ लाख ३० हजार, खरेदी १ कोटी ७७ लाख, म्हणजे ८१ दिवस. ३८ दिवस कमी. भावाकडे तीच मोजणी मी आणि दुकानातल्या पोराने बसून केली: ११५ वरून ११२. म्हणजे वर्ष चांगलं गेल्याचे, भाव पडल्याचे, नशिबाचे मिळून ३ दिवस. उरलेले ३५ दिवस मोजणीचे, वहीचे आणि स्कीम नाकारण्याचे.

माझा एका दिवसाचा माल खरेदी किंमतीने साधारण ४८,५०० रुपयांचा. ३५ दिवसांचे झाले १७ लाखांच्या आसपास. साडेदहा टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज १ लाख ७८ हजार ५००. यातून सेवेचे ७२,००० वजा करा. उरले १ लाख ६ हजार ५००. सरांची फाइल इथे टाळ्या वाजवून थांबते.

मी थांबलो नाही, कारण टेम्पोची बिलं माझ्याच खिळ्याला लटकलेली असतात. पूर्वी मी महिन्याला दोनेक टेम्पो मागवायचो, वर्षाला २२. माल कमी ठेवायचा तर आणायचा वारंवार, म्हणून दर मंगळवारी ऑर्डर, काही आठवडे सोडून. झाले ४१ टेम्पो. १९ जास्तीच्या खेपा, खेपेला २,८०० भाडं, म्हणजे ५३,२०० रुपये. फाइलमध्ये हा आकडा कुठेच नाही. साठ्याचा खर्च एका पानावर कमी झालेला दिसतो आणि भाड्याचा खर्च दुसऱ्या खात्यावर वाढून बसतो, त्या पानाकडे कोणी बघत नाही. तेही वजा केल्यावर माझ्या हातात आले ५३,३००. वाईट नाही. पण १० टक्के विक्रीवाढीच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट बरीच लहान आहे, आणि खरी आहे.

ताईंना हे दाखवलं तर त्या म्हणाल्या, “काका, हे माझ्याकडून सुटलं.” आणि वहीत लिहून घेतलं. सरांना दाखवलं तर ते म्हणाले, भाडं हा वेगळा विषय आहे.

सरांचा आणखी एक सल्ला सांगतो, कारण त्याने कोणाचं तरी नुकसान होऊ शकतं. पैसा फिरून यायला किती दिवस लागतात ते काढायला मालाच्या दिवसांत उधारीचे दिवस मिळवायचे आणि आपण पुरवठादाराला जितके दिवस थांबवतो ते वजा करायचे. माझं आदल्या वर्षीचं गणित ११९ आणि ७४ मिळून १९३, त्यातून ३८ गेले, उरले १५५ दिवस. म्हणजे आज पाइपात घातलेला रुपया पाच महिन्यांनी घरी येतो. सर म्हणाले, सोपं आहे, पुरवठादारांचे ३८ चे ६० करा. माझ्या फिटिंगचा बराच माल जळगाव एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांकडून येतो. त्यांची नोंदणी सूक्ष्म-लघु उद्योगाची. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराचं ४३बी(एच) कलम लागू झालं, की अशा उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिले नाहीत, आणि वर्षअखेरीला ते तसेच थकलेले असले, तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, देऊ तेव्हाच धरायचा. म्हणजे न झालेल्या नफ्यावर कर. आमच्या सीएला फोनवर ‘६० दिवस’ म्हटलं तर तो नुसता हसत राहिला. पुरवठ्याची मोजणी करणाऱ्याला हे माहीत असायला हवं होतं. माझे ३८ चे उलट ३४ झाले, कारण दोन जणांनी रोखीला २ टक्के सूट दिली.

आणि उधारी? ७४ ची ७१. म्हणजे काहीच नाही. फाइलमध्ये ‘उधारी धोरण कडक करा’ अशी एक ओळ आहे. कसं करू? टिश्यू कल्चरच्या रोपांच्या केळीला लागवडीपासून कापणीपर्यंत अकरा-बारा महिने जातात. मधे वादळ झालं, सीएमव्ही या विषाणूच्या रोगाने झाडं उपटायची वेळ आली, बऱ्हाणपूरचा भाव कोसळला, तर शेतकरी देणार कुठून? ठिबकचं अनुदान अल्पभूधारकाला ८० टक्क्यांपर्यंत, बाकीच्यांना ७५ पर्यंत, पण ते त्याच्या खात्यात नंतर येतं आणि बिल आधी द्यावं लागतं. मधले दिवस माझ्या उधारीच्या वहीत बसतात. “घड कापात का दी टाकसू आबा,” म्हणणाऱ्या माणसाच्या बापाने माझ्या बापाकडून पहिला पाइप नेलेला असतो. त्याला कडक धोरण दाखवलं तर तो पलीकडच्या दुकानात जाईल, आणि तिथे त्याला जॉइनरही मिळेल. याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही. फक्त त्यांनी फी घेतली होती.

सुटलेल्या विक्रीचाही एक आकडा त्यांनी दिला होता, वर्षाला ४ लाख ६० हजार, ‘नाही’च्या वहीवरून काढलेला. तो मी मान्य केला नाही. वहीत लिहिलेल्या माणसांपैकी बरीच बाजारात फिरून परत माझ्याकडेच येतात, पोरगं त्यांच्या नावापुढे गोल करतं. मे महिन्याच्या २१२ मध्ये असे ४३ गोल होते. ‘नाही’ किती वेळा म्हटलं ते मोजता येतं, त्याची किंमत रुपयांत काढायला गेलं की अंदाजाला रंग लावल्यासारखं होतं.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्याच्याकडे हजाराच्या वर तऱ्हेतऱ्हेच्या वस्तू आहेत, माळा आहे आणि माळ्यावर काय आहे ते सांगता येत नाही, त्याने घ्यावी. किराणावाल्याला गरज नाही, त्याचा माल आठवड्यात हलतो. दुधाच्या धंद्यावाल्याने तर वाटेलाही जाऊ नये. घेताना तीन महिन्यांचाच करार मागा, माझ्यासारखं वर्षभराचं बांधून घेऊ नका, कारण खरी कामं पहिल्या तीन महिन्यांत झाली, पुढे फाइलीच जाड होत गेल्या. आणि वाहतुकीचं भाडं त्यांच्या तक्त्यात आहे का, हे आधी विचारा.

मी स्वतः मार्चनंतर पूर्ण सेवा बंद केली. ताई महिन्यातून एकदा येतात, मोजणी करतात, वही वाचतात, २,५०० रुपये घेतात. सरांना तसं कळवलं तर त्यांनी ‘कस्टमाइज्ड प्लॅन’ असं नाव देऊन बिल पाठवलं. असू दे.

एक पंचाईत मात्र झाली आहे. भाऊ गेल्या महिन्यात आला होता, काउंटरवर बसून त्याने अर्धा तास ती वही चाळली, काही बोलला नाही. परवा शिरपूरला गेलो तर त्याच्याही काउंटरला दोरीने वही बांधलेली. त्यात वीस-बावीस ‘नाही’ झालेही होते, पहिलाच सोळाच्या जॉइनरचा. म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये सर परत कोणता आकडा घेऊन आले, तर ताडून बघायला माझ्याकडे दुकानच उरलं नाही.